स्टीफन: पीएचवाला आणि व्हीवाला

नेमप्लेटच्या धंद्यात माणसाची ओळख मागाहून होते, आधी त्याच्या स्पेलिंगची होते. चौधरीत डब्ल्यू की यू, देशमुखच्या शेवटी एच लावायचा की नाही, पूजात दोन ओ की एक यू, यावर गिऱ्हाईक काउंटरशी उभं राहून पाऊण तास घालवतं. वर बायकोला फोन लावतं. बायको म्हणते आधारवर काय आहे ते बघा, आणि आधारवर तिसरंच काही असतं.

नागपूरच्या सदरमध्ये आमचं छोटंसं दुकान आहे. नेमप्लेट, रबरी शिक्के, शील्ड, मेमेंटो, कपावरची नावं. बाबांच्या काळी पितळी पाटीवर हातानं खोदायचं आणि खोदलेल्या अक्षरांत काळा रंग भरायचा. मग पट्टीवरचं अक्षर गिरवून खोदणारं पँटोग्राफ मशीन आलं, आता लेझर आहे. मोहननगर, मेकोसाबाग, मार्टिननगर हा सगळा पट्टा जवळच असल्यामुळे ख्रिस्ती नावं आमच्याकडे भरपूर येतात. जोसेफ, मेरी, जॉर्ज यांचा काही त्रास नाही. त्रास स्टीफनचा. पीएच की व्ही, हे विचारल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, हा बाबांचा नियम.

मागे रेल्वेतून रिटायर झालेले एक अंकल नव्या फ्लॅटची पाटी करायला आले. चिठ्ठीवर नाव स्वच्छ लिहून आणलं होतं, तरी तोंडी पुन्हा बजावलं, “पीएच टाक बेटा. व्हीवाला म्हणजे बिझनेसमन. पीएचवाला बायबलमधला.” मी सहज म्हटलं, “अन् क्रिकेटवाला स्टीव्ह वॉ?” तर म्हणे, “तोही पीएच. जाऊन बघ.” बघितलं. खरंच, स्टीफन रॉजर वॉ. मग मला नादच लागला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी स्टीफन शोधत बसतो. बायको म्हणते, दुसरं काही नाही का बाप्पा तुम्हाला?

तर मूळ नाव ग्रीक, स्तेफानोस. डोक्याभोवती गुंडाळायचं ते. मराठीत याचा अर्थ सरसकट ‘मुकुट’ असा देतात. मुकुट म्हटलं की आपल्याला सोनं, हिरे, सिंहासन दिसतं, आणि स्तेफानोस तर पानांचा होता. ऑलिंपियाच्या खेळांत जिंकलेल्याच्या डोक्यावर रानटी ऑलिव्हच्या डहाळीचं कडं घालायचे, डेल्फीला लॉरेलचं. म्हणजे आम्ही जे शील्ड आणि कप विकतो त्यांचा हा खापरपणजोबा. ग्रीक लोकांच्या चर्चमधल्या लग्नात आजही नवरानवरीच्या डोक्यावर अशी दोन कडी ठेवतात, एकमेकांना रिबिनीनं जोडलेली, आणि त्यांना ‘स्तेफाना’च म्हणतात. मला विचाराल तर स्तेफानोस राजाच्या मुकुटापेक्षा आपल्या मुंडावळ्यांना जवळचा.

ग्रीकमधल्या ‘फ’ला रोमन लोकांनी पीएच लिहिलं. इंग्रजी जिभेवर दोन स्वरांमध्ये सापडलेला तो ‘फ’ घासून ‘व्ह’ झाला. म्हणून इंग्रज लिहितो स्टीफन आणि बोलतो स्टीव्हन. ज्याला जसं बोलतो तसं लिहायचं होतं त्यानं व्ही घेतला. आपण लिहिलेलं वाचतो, त्यामुळे आपला स्टीफन स्टीफनच राहिला. अमेरिकेतला बास्केटबॉलवाला स्टीफन करी आहे, त्याचा उच्चार तर ‘स्टेफन’. फ्रेंचांकडे तो एत्येन होतो, स्पॅनिशमध्ये एस्तेबान, इटलीत स्तेफानो, रशियात स्तेपान, हंगेरीत इश्तवान. पाटीवर इश्तवान आणि स्टीफन शेजारी शेजारी ठेवले तर कुणी म्हणणार नाही की नाव एक आहे.

अंकल म्हणाले तो बायबलमधला स्टीफन म्हणजे ख्रिस्ती धर्मातला पहिला हुतात्मा. काम काय होतं त्याचं, तर विधवांना रोजचं अन्न नीट वाटलं जातं की नाही हे बघणं. त्यासाठी नेमलेल्या सात जणांपैकी तो एक. यरुशलेममध्ये त्याच्यावर धर्मनिंदेचा आरोप आला, त्यानं सभेपुढे लांबलचक भाषण केलं, आणि लोकांनी त्याला शहराबाहेर नेऊन दगडांनी ठेचून मारलं. दगड मारायला हात मोकळे हवेत म्हणून साक्षीदारांनी अंगावरचे कपडे काढून एका तरुणाच्या पायाशी ठेवले. तो तरुण म्हणजे शौल, पुढचा संत पौल. मला या गोष्टीत ते कपडे सांभाळणंच जास्त लक्षात राहिलं. मारायचं तर आहे, पण अंगरखा मळायला नको.

आणि गंमत अशी की दगडांनी मेलेला हा संत पुढे पाथरवटांचा आणि गवंड्यांचा रक्षक संत झाला. डोकेदुखीवरही त्याचाच धावा करतात. त्याचा दिवस २६ डिसेंबर. आपण ज्याला बॉक्सिंग डे म्हणतो, मेलबर्नची टेस्ट बघायला ज्या दिवशी पहाटे पाचला गजर लावून उठतो, तो आयर्लंडमध्ये सेंट स्टीफन्स डे.

राजेलोकांनाही हे नाव आवडलेलं दिसतं. हंगेरीचा पहिला राजा जन्मानं वाइक होता, बाप्तिस्म्यानंतर तो इश्तवान झाला आणि इसवी सन १००० च्या आसपास त्याचा राज्याभिषेक झाला. १०८३ मध्ये त्याला संतपद दिलं. त्याचा उजवा हात बुडापेस्टच्या चर्चमध्ये जपून ठेवलाय आणि दर २० ऑगस्टला त्याची मिरवणूक निघते. त्याच्या नावानं जो मुकुट ओळखतात तो प्रत्यक्षात त्याच्या नंतरचा आहे, आणि त्याच्या वरचा क्रॉस वाकडा आहे. सरळ कुणी केला नाही. हंगेरीच्या राजचिन्हातसुद्धा तो वाकडाच काढतात. आमच्याकडे असं डिझाईन आलं असतं तर मी ‘साहेब, हे तिरपं गेलंय’ म्हणून सरळ करून दिलं असतं आणि शिव्या खाल्ल्या असत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर हा मुकुट अमेरिकेत सोन्याच्या साठ्याबरोबर फोर्ट नॉक्सला ठेवला होता, १९७८ मध्ये परत गेला.

सर्बियात तर नेमान्यिच घराण्यातले राजे गादीवर आले की नावापुढे स्तेफान लावूनच घ्यायचे. इंग्लंडला मात्र स्टीफन राजा एकच झाला, ११३५ ते ११५४. मामाच्या गादीवर बसला, गादी खरी मामाच्या मुलीची. मग मामेबहीण आणि आतेभाऊ यांची अशी जुंपली की त्या काळाला इंग्रज आजही ‘अनागोंदी’ म्हणतात. शेवटी तह झाला, गादी तिच्या मुलाला मिळाली आणि त्यानंतर इंग्लंडच्या कुठल्या राजानं हे नाव धारण केलं नाही. पोपांमध्ये स्टीफन बरेच झाले. त्यातला सहावा विसरता येत नाही. ८९७ मध्ये यानं आपल्या आधीच्या एका पोपचं प्रेत थडग्यातून उकरून काढलं, पोपचे कपडे चढवून खुर्चीत बसवलं आणि त्याच्यावर खटला चालवला. प्रेताच्या वतीनं बोलायला वकीलही दिला होता म्हणे. त्याच वर्षी स्टीफन सहावा स्वतः तुरुंगात गळा दाबून मारला गेला.

आता मराठ्यांच्या इतिहासातला स्टीफन. आहे, आणि तुम्ही तो वाचलेला आहे. जुन्या गोव्याजवळच्या मांडवीतल्या जुवे बेटावर संभाजीराजांनी नोव्हेंबर १६८३ मध्ये रात्रीतून धडक मारली, तिथला किल्ला घेतला, आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायला आलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय जखमी होऊन जीव वाचवत पळाला. त्या जुव्याचं पोर्तुगीज नाव सांतो एस्तेव्हांव. म्हणजे संत स्टीफन. शाळेत आम्हाला जुवे शिकवलं, एस्तेव्हांव कुणी सांगितलं नाही. व्हाइसरॉयनं पुढे जुन्या गोव्यात जाऊन सेंट झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड त्याच्यापाशी ठेवला, की आता तूच सांभाळ.

क्रिकेटवर लिहिलं नाही तर आमचे मित्र हे वाचणार नाहीत, म्हणून थोडक्यात. स्टीव्ह वॉ पीएच. स्टीफन फ्लेमिंग पीएच. स्टीव्ह स्मिथ व्ही, स्टीव्हन पीटर डेव्हरू स्मिथ. आमच्या जामठ्याच्या स्टेडियमवर फेब्रुवारी २०२३ च्या टेस्टमध्ये पहिल्या डावात ३७ करून जडेजाला बोल्ड झाला, दुसऱ्या डावात एका बाजूनं २५ वर नाबाद राहिला आणि दुसऱ्या बाजूनं अख्खा संघ ९१ मध्ये आटोपला. तीन दिवसांत खेळ खलास. चौथ्या-पाचव्या दिवसाचं तिकीट काढून बसलेले आमच्या गल्लीतले लोक जिंकूनही चिडले होते. आणि अंपायर स्टीव्ह बकनर. हाही पीएच, आणि याचं नाव काढलं की आमच्या वयाचा प्रत्येक माणूस २००८ ची सिडनी टेस्ट काढतो. ऑस्ट्रेलियाचा सायमंड्स तिसाच्या घरात असताना बॅटची कड लागून मागे झेल गेला, आवाज सगळ्या मैदानाला आला, बकनरला आला नाही. सायमंड्सनं १६२ काढले. पुढच्या पर्थ टेस्टला बकनरला बाजूला ठेवावं लागलं. माणसानं १२८ टेस्टमध्ये अंपायरिंग केलंय, विसरता कामा नये, पण आपण विसरतो.

वॉबद्दल एक गोष्ट विदर्भातल्या माणसाला जवळची वाटेल. कोलकात्याजवळ बराकपूरला कुष्ठरोग्यांच्या मुलांसाठी उदयन नावाची संस्था आहे, तिथे त्यानं मुलींच्या वसतिगृहासाठी पैसा उभा केला. ज्यांनी वरोऱ्याला आनंदवनात एकदा तरी चक्कर मारली आहे त्यांना कळेल, या कामाला फोटोपुरतं जाणं वेगळं आणि पुन्हा पुन्हा जाणं वेगळं. तो पुन्हा पुन्हा गेला.

अंकलची बिझनेसमनवाली थिअरी ॲपलपाशी निम्मी खरी ठरते. १९७६ मध्ये कंपनी काढली ती दोन स्टीव्हनी. जॉब्स व्हीवाला, वॉझ्नियाक पीएचवाला. वॉझ्नियाकच्या जन्मदाखल्यावर तर ‘स्टीफॅन’ लागलंय, ई च्या जागी ए. म्हणजे स्पेलिंगचा घोळ फक्त आपल्याच जन्मदाखल्यांत होतो असं नाही. हॉकिंग अर्थातच पीएच; एकविसाव्या वर्षी डॉक्टरांनी दोन वर्षं दिली होती, ७६ व्या वर्षापर्यंत जगला. बायकांत स्टेफनी, आणि स्टेफनीची स्टेफी. स्टेफी ग्राफचं स्पेलिंग एफवालं, जर्मन पद्धतीचं. १९८८ मध्ये चारही ग्रँड स्लॅम आणि वर सोल ऑलिंपिकचं सुवर्ण. त्या वर्षीची फ्रेंच ओपनची फायनल ६-०, ६-०. समोरच्या पोरीला एक गेमही मिळाला नाही. त्या सुमारास जन्मलेल्या दोन-तीन स्टेफी माझ्या गिऱ्हाइकांत आहेत, आणि त्या सगळ्या काही ख्रिस्ती नाहीत.

हे सगळं झालं जगाचं. नागपूरचा स्टीफन कोण?

हा प्रश्न मी काउंटरवर कुणालाही विचारतो. हिस्लॉप कॉलेजची जुनी पोरं, आता टक्कल पडलेली, रियुनियनचे मेमेंटो करायला येतात. “हिस्लॉपचं पहिलं नाव काय हो?” एक म्हणे जॉन. एक म्हणे विल्यम. एकजण विचार करून म्हणाला, “हिस्लॉपच असंन नं, काऊन?” दिवसातून दहा वेळा ज्याचं आडनाव आपण ऑटोवाल्याला सांगतो, त्याचं नाव स्टीफन होतं. स्टीफन हिस्लॉप. पीएच.

हा १८१७ मध्ये स्कॉटलंडच्या दक्षिणेला डन्स गावात जन्मला आणि १८४५ मध्ये मिशनरी म्हणून इथे आला. तेव्हा इथे इंग्रजी राज्य नव्हतं, भोसल्यांचं होतं, तिसरे रघुजी गादीवर होते. १८५३ मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं. हिस्लॉपनं मुलांसाठी शाळा काढली होती. तिचंच रोपटं पुढे वाढून १८८३ मध्ये त्याच्या नावाचं कॉलेज झालं. त्यानं स्वतः ते कॉलेज पाहिलं नाही, वीस वर्षं आधीच तो गेला होता.

धर्मप्रचारात त्याला किती यश आलं हा माझा विषय नाही. मला माणूस आवडला तो त्याच्या खिशातल्या दगडांमुळे. नागपूर ज्या काळ्या दगडावर बसलंय, सीताबर्डीची टेकडी ज्याची आहे, तो लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर वाहिला. पण एक थर वाहून गेल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये मोठा अवकाश जायचा. तेवढ्यात खळग्यांत पाणी साचायचं, तळी व्हायची, गोगलगायी, मासे, झाडोरा. मग वरून नवा लाव्हा यायचा आणि सगळं मोहोरबंद. हिस्लॉपनं आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यानं आपल्या टाकळीपाशी, लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या त्या पातळ थरात, गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे आणि फळांबियांचे जीवाश्म शोधले. १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्रवाल्यांच्या नियतकालिकात दोघांचा लेख छापून आला, नागपूरच्या आसपासच्या खडकांवर. टाकळीतले प्लॉट पाडताना जेसीबीखाली काय काय गेलं असेल, हा विचार माझ्या मनात येतो, आणि मग मी तो सोडून देतो, कारण आमच्या साडूचं घर तिथेच आहे.

वर्धेच्या खोऱ्यातल्या मांगलीहून त्याला एका बेडकाच्या भाईबंद प्राण्याची कवटी मिळाली. तिचं वर्णन केलं रिचर्ड ओवेननं. ‘डायनासोर’ हा शब्द ज्यानं जगाला दिला तोच ओवेन. एका हिरवट कॅल्साईटला हिस्लोपाईट नाव पडलं. आणि नागपूरच्या तळ्यात पाण्यातल्या वनस्पतींना, शिंपल्यांना चिकटून वाढणारा एक अगदी बारीक जीव आहे, वसाहत करून राहणारा. १८५८ मध्ये कार्टर नावाच्या शास्त्रज्ञानं त्याचं नाव ठेवलं हिस्लोपिया लॅकुस्ट्रिस. लॅकुस्ट्रिस म्हणजे तळ्यातला. इथेही आडनावच. दगडाला हिस्लॉप, जिवाला हिस्लॉप, कॉलेजला हिस्लॉप, आणि स्टीफन बिचारा फाईलमध्ये.

गोंडांमध्येही तो फिरला. प्रधान म्हणजे गोंडांचे गाणारे भाट, त्यांच्या तोंडून लिंगो या गोंडांच्या आदिपुरुषाचं गाणं त्यानं उतरवून घेतलं. ते त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही. रिचर्ड टेंपल, मध्य प्रांताचा चीफ कमिशनर, यानं १८६६ मध्ये त्याची टिपणं संपादून काढली. गोंडी संस्कृतीवर काम करणारे आज त्या पुस्तकाशी कडाडून भांडतात, त्यात मिशनऱ्याचा चश्मा आहे म्हणतात, आणि तो आहेच. पण भांडायलासुद्धा मजकूर आहे, तो त्यानं उतरवला म्हणून.

४ सप्टेंबर १८६३. टेंपलबरोबर तो बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला गेला होता. तिथे जमिनीत मोठमोठे धोंडे गोल मांडलेले आहेत, विदर्भभर आहेत तशी शिळावर्तुळं. काटोल रोडला जुनापाणीला तर शेकडो आहेत, सुट्टीच्या दिवशी कुणीही बघून येऊ शकतं. लोहयुगातल्या लोकांनी आपली माणसं तिथे पुरली, सोबत लोखंडाची हत्यारं, भांडी. महुरझरीला तर घोडासुद्धा, तांब्याच्या दागिन्यांसकट. टाकळघाटची ही वर्तुळं खोदून बघायचं काम चाललं होतं. परतीच्या वाटेवर हिस्लॉप मागे राहिला, एकटाच घोड्यावर. अंधार पडलेला, पावसाळा, नाल्याला पूर. बुडाला. शेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस कमी होते. एका स्टीफनला दगडांनी मारलं, दुसरा दगड बघायला गेला आणि पाण्यानं नेला.

पावसाळ्यात आमच्याकडचा नाला कसा फुगतो हे ज्यानं पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही. सकाळी घोट्याएवढं पाणी, संध्याकाळी वरच्या अंगाला पाऊस झाला की खाली ऊन असतानासुद्धा लोंढा येतो. पूर्वी रपट्यावरून माणसं अशीच जायची, आणि अजूनही दर वर्षी पेपरात बातमी असतेच, मोटरसायकलसह वाहून गेला म्हणून.

टाकळघाट-खापाला नीट शास्त्रशुद्ध उत्खनन व्हायला पुढे शंभरावर वर्षं लागली. ते नागपूर विद्यापीठानं केलं, डॉ. शां. भा. देव यांच्या हाताखाली. आणि हो, ४ सप्टेंबरच्याच दिवशी, पण २००६ मध्ये, आणखी एक स्टीफन पाण्यात गेला. मगरी धरणारा स्टीव्ह आयर्विन, स्टिंगरेचा काटा छातीत घुसून. योगायोग आहे, त्यात मी काही शोधत नाही. पण दोघंही घरी बसणाऱ्यातले नव्हते.

यादीत अजून एक राहिला, आणि माझ्या धंद्याच्या हिशेबानं तोच सगळ्यात मोठा. याचं स्टीफन नाव आडनावात गेलंय. थॉमस स्टीफन्स, आपण ज्याला फादर स्टीफन्स म्हणतो. विल्टशायरचा इंग्रज, जेझुइट पंथाचा पाद्री, १५७९ मध्ये गोव्याला उतरला आणि चाळीस वर्षांनी तिकडेच वारला. मधल्या काळात हा पठ्ठ्या मराठी शिकला, आणि नुसता बाजारापुरती नाही. ख्रिस्ताची कथा त्यानं मराठी ओवीत लिहिली, सुमारे अकरा हजार ओव्या. ख्रिस्तपुराण, १६१६. मराठीच्या थोरवीवरच्या त्यातल्या ओव्या दर मराठी भाषा दिनाला कुठल्या ना कुठल्या बॅनरवर असतात. आमच्याकडेही करायला येतात, बहुतेक वेळा ऱ्हस्वदीर्घ चुकवून.

पण मला त्याचं दुसरंच काम जवळचं वाटतं. त्याला हे पुस्तक इथल्या लिपीत छापायचं होतं. १६०८ मध्ये त्यानं रोमला वरिष्ठांना पत्र लिहिलं की इथल्या भाषेत आणि इथल्या अक्षरांत पुस्तकं छापावीत ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. अडचण साच्यांची. युरोपात चोवीस अक्षरांत काम भागतं, इथे काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं धरून सहाशे साचे पाडावे लागतील. मग त्यानं स्वतः डोकं चालवून ते दोनशेवर आणता येतील असं लिहिलं. सहाशेचे दोनशे! बाबांकडे पँटोग्राफसाठी देवनागरीच्या पितळी अक्षरपट्ट्या होत्या. त्यातसुद्धा वेलांटी वेगळी, रफार वेगळा, अर्धी अक्षरं वेगळी, आणि तरी ‘ष्ट्र’ आला की बाबा मशीन बंद करून हातानं खोदायचे. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजानं रायतूर, मडगावच्या बाजूला कुठेतरी बसून कुठलं अक्षर कशाला जोडलं की साचा वाचेल याचा हिशेब मांडला असेल, तो मला बघायला आवडला असता.

साचे झाले नाहीत. पुस्तक रोमन अक्षरांत छापलं गेलं. ओवी मराठी, अक्षरं लॅटिन. त्या छापील प्रती आज कुठेच सापडत नाहीत. हाती आहेत त्या हस्तलिखित नकला, आणि त्यातली लंडनला मिळालेली एक चक्क देवनागरीत आहे.

आमच्याकडे खोदाईचे पैसे अक्षरावर घेतात. इंग्रजीत स्टीफनची सात अक्षरं होतात, पीएचवाल्याची. व्हीवाल्याची सहा. देवनागरीत मोजली तर तीन, म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो की मराठीत करा, स्वस्त पडेल. मग ‘स्टी’ एक धरायचं की दोन, यावर घासाघीस सुरू होते. मी दोन धरतो.